घरच्या आवाजांच्या जुन्या कॅसेट आणि स्पूल: आधी यंत्र, मग फीत (ठाणे, नवी मुंबई)

नौपाडा_टेप (धागाकर्ता)

आपल्याकडच्या घरांत माळ्यावर, दिवाणात, पत्र्याच्या ट्रंकेत अजून पुष्कळ आवाज पडून आहेत. बारशाच्या ओव्या, आजोबांनी सांगितलेली वंशावळ, आखातातून आलेली कॅसेट-पत्रं, हळदीच्या रात्रीचे धवले (आगरी-कोळी लग्नगीतं). विचारणा मात्र नेहमी एकच: "प्लेअर कुठे मिळेल?" प्लेअर मिळतो हो. मिळाल्या मिळाल्या त्यात घरची कॅसेट घालायची नसते, एवढ्यासाठी हा धागा.

तीस-चाळीस वर्षं पडून असलेल्या फितीला सगळ्यात मोठा धोका पहिल्या वाजवण्यात असतो. बेल्ट विरघळलेला असला की गुंडाळणारी चकती फिरत नाही, पण कॅप्स्टन (फीत ओढणारा बारीक फिरता दांडा) आणि रबर रोलर फीत पुढे ढकलतच राहतात. ती जाते कुठे? रोलरभोवती. यालाच आपण "कॅसेट खाल्ली" म्हणतो. म्हणून क्रम असा: यंत्र दुरुस्त करा, रद्दीतली एखादी कॅसेट दोन्ही बाजूंनी पूर्ण वाजवून बघा, ती बिनतक्रार पार पडली तरच घरची कॅसेट घाला. आणि घरची पहिल्यांदा वाजेल तेव्हाच संगणकावर उतरवून घ्या. "नुसतं ऐकून तर बघू" हा प्रकार बंद.

त्याही आधी कॅसेटच्या मागच्या कडेच्या दोन्ही जिभा तोडा. जी बाजू आपल्याकडे तोंड करून आहे तिची जीभ वरच्या कडेला डावीकडे असते. जीभ तुटली की रेकॉर्डचं बटण दबत नाही. टू-इन-वनमध्ये (रेडिओ आणि कॅसेट रेकॉर्डर एकत्र) प्ले आणि रेकॉर्ड शेजारी-शेजारी असतात, आणि आजीचा आवाज पुसायला दहा सेकंद पुरतात.

डब्यातल्या कॅसेटची वर्गवारीही आत्ताच करा. सी-६० मध्ये (दोन्ही बाजू मिळून ६० मिनिटं) साधारण ९० मीटर फीत असते, जाडी १८ मायक्रॉन. सी-९० मध्ये १३५ मीटर, १२ मायक्रॉन. सी-१२० मध्ये १८० मीटर आणि जाडी फक्त ९ मायक्रॉन. सुरुवात सी-६० पासून करा, सी-१२० ला हात सगळ्यात शेवटी.

वाशी_पुलापलीकडे

चांगला धागा. थेट प्रश्न. जपानी टू-इन-वन, वीस वर्षं बंद. प्ले दाबलं की मोटर फिरल्याचा आवाज येतो, चकत्या हलत नाहीत. सेलच्या कप्प्यात पांढरट-हिरवा थर आहे. टाकून द्यावा की करण्यासारखा आहे?

सोल्डर_आणि_चहा

करण्यासारखा आहे. मोटर फिरते म्हणजे अर्धं काम झालं.

सेलचा थर आधी काढा. आपल्याकडचे जुने मोठे सेल बहुतेक झिंक-कार्बनचे, त्यांची गळती आम्लधर्मी. म्हणून खायचा सोडा पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने घासा. सेल अल्कलाइन असतील तर उलट: व्हिनेगर किंवा लिंबू. मग ओल्या फडक्याने पुसा, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. स्प्रिंगचा मुलामा गेला असेल तर बारीक पॉलिश पेपर मारा.

विजेवर पहिल्यांदा थेट लावू नका. ४० किंवा ६० वॉटचा साधा पिवळा बल्ब सिरीजमध्ये घाला, एलईडी चालणार नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भक्क पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, प्लग काढा. याहून बरं म्हणजे बेंच सप्लायने (व्होल्ट आणि करंट ठरवता येणारा वीजपुरवठा) सेलच्या टोकांवरच ६ किंवा ९ व्होल्ट द्यायचे, करंट मर्यादा अर्धा अँपिअर.

आता बेल्ट. जुना बेल्ट डांबर झालेला असतो. ते काळं कापूसकाडी आणि आयसोप्रोपिलने पुलीच्या खाचेतून पूर्ण निघालं पाहिजे. थोडंसं जरी राहिलं तर नवा बेल्ट त्यावर उड्या मारतो आणि आवाज लहरतो. मापासाठी पुलींभोवती दोरा गुंडाळा आणि आलेल्या लांबीतून ५ ते ७ टक्के वजा करा. दोरा २१० मिमी आला तर बेल्टचा आतला परीघ १९५ ते २०० मिमी हवा. छेद जुन्यासारखाच, चौकोनी असेल तर चौकोनी, चपटा असेल तर चपटा. फार घट्ट बसवला तर मोटरच्या बेअरिंगवर ताण येऊन घरघर सुरू होते. बंडलाचं रबरबँड लावून "चालतंय की" म्हणणारे भेटतील. चालतं, पण माणूस रडत बोलतोय असं ऐकू येतं.

रबर रोलर चकाकत असेल तर भांड्याचा साबण आणि पाण्याने धुवा. त्याला वारंवार आयसोप्रोपिल लावलं की रबर कडक होतं. नखाने दाबून खळगा पडत नसेल तर तो बदला: बाहेरचा व्यास, रुंदी आणि मधल्या पिनचा व्यास व्हर्नियरने मोजून घेऊन जा. हेड (फितीवरचा आवाज वाचणारा भाग) आणि कॅप्स्टनला मात्र ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिलच. सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं. कॅप्स्टनच्या बेअरिंगला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, सुईच्या टोकाने. फीत जिथे घासते त्या भागावर तेल गेलं तर लगेच पुसा.

आता एक जागा जी सगळे विसरतात. सर्किट बोर्डावर लांबलचक सरकता स्विच असतो, रेकॉर्ड आणि प्लेमध्ये अदलाबदल करणारा. तो गंजला की शिट्टी, खरखर किंवा एक बाजू गायब, आणि दोष मात्र हेडला दिला जातो. त्यात काँटॅक्ट क्लीनर मारा आणि तीस-चाळीस वेळा सरकवा. कॅसेट नसताना रेकॉर्ड बटण अडतं. कप्प्याच्या आत मागच्या बाजूला जीभ तपासणारा छोटा लिव्हर असतो, तो बोटाने दाबून धरला की बटण खाली जातं. व्हॉल्यूमलाही तोच फवारा.

आवाजात भरीवपणा नाही, किंवा "फट-फट-फट" असा बोटीसारखा आवाज येतो? मग इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वाळलेत. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, टोकं बघून लावा.

बेल्ट, रोलर, क्लीनर, कंडेन्सर सगळं एका फेरीत लॅमिंग्टन रोडला मिळतं. ठाण्याहून दादर, तिथून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड. जुना बेल्ट पिशवीत घालून न्या, "मॉडेल नंबर सांगतो" यावर कुणी काही देत नाही.

घंटाळी_ग

स्पीडचं राहिलं की. बेल्ट नवा आणि स्पीड चुकलेला, म्हणजे बापाचा आवाज मुलाचा होतो.

सोल्डर_आणि_चहा

राहिलं नाही, चहा घ्यायला गेलो होतो.

डीसी मोटरच्या मागे रबराची बारीक टोपी किंवा नुसतं भोक असतं. आत स्पीडचा प्रीसेट, म्हणजे वेग कमी-जास्त करायचा बारीक स्क्रू. प्लास्टिकचा स्क्रूड्रायव्हर घ्या, लोखंडी घसरला तर प्रीसेटच शॉर्ट होतो. तीन हजार हर्ट्झची टेस्ट कॅसेट लावा, मोबाइलवर स्पेक्ट्रमचं अॅप उघडा आणि काटा २९८५ ते ३०१५ मध्ये आणा. म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या आत. काही टेस्ट कॅसेट ३१५० हर्ट्झच्या असतात, लेबल वाचा, नाहीतर पाच टक्के घोळ होईल.

टेस्ट कॅसेट नसेल तर बाजारातली छापील गाण्याची कॅसेट लावून तेच गाणं सीडीवरच्या वेळेशी ताडा. पाच मिनिटांच्या गाण्यात तीन सेकंदांचा फरक म्हणजे एक टक्का. छापील कॅसेटही थोड्या इकडेतिकडे असतात, म्हणून तीन-चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या घेऊन सरासरी काढा. मोटर पंधरा मिनिटं फिरून गरम झाल्यावरच मोजा.

मॅट_ब्लॅक_डेक

टू-इन-वनवर इतकी मेहनत कशाला? त्याच पैशात स्टिरिओ डेक घ्यावा. लाइन आउट (आवाज थेट दुसऱ्या यंत्राला देणारी जोडणी) असतो, फीत सरळ धावते, हेड बरं असतं. त्या बाजारात येणाऱ्या "कॅसेट टू यूएसबी" खेळण्यांच्या तर वाटेलाही जाऊ नये, फिरण्यातच लहर असते.

नौपाडा_टेप (धागाकर्ता)

खेळण्यांबाबत +१. डेकबाबतही सहमत, पण चोरबाजारात मटण स्ट्रीटला डेक घेताना तीन गोष्टी बघा. हेडवर नखाला लागेल अशी खाच असेल तर सोडून द्या, त्यातून तीव्र सूर परत येत नाहीत. प्ले लावून दोन्ही चकत्या फिरतात का बघा. आणि मागची पाटी वाचा. ११० व्होल्ट असेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेलच. वर "६० हर्ट्झ" असेल आणि मोटर एसी सिंक्रोनस असेल तर आपल्या ५० हर्ट्झवर यंत्र पाच-षष्ठांश वेगाने धावेल. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. मग पुली बदला किंवा फाइलचा वेग नंतर १.२ पट करा. कॅसेट डेकमध्ये बहुधा डीसी मोटर असते, हा घोळ जास्त करून स्पूलच्या, म्हणजे उघड्या रिळाच्या, यंत्रांचा.

डेकचा अजून एक फायदा कुणी सांगत नाही. टू-इन-वनवर भरलेली मोनो कॅसेट दीड मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्यात असते. स्टिरिओ हेड त्याच पट्ट्यातून ०.६ मिमीचे दोन तुकडे वाचतं. दोन्हीत तोच आवाज, त्यामुळे ज्यात खरखर कमी तो ठेवायचा. आणि अरुंद पट्ट्याला हेडच्या तिरकेपणाचा फटकाही कमी बसतो.

खाडीकाठ

बुरशीवर कुणी लिहिलेलं नाही. आपल्याकडे पहिला प्रश्न तोच असतो. खाडीची दमट हवा आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस, कॅसेटच्या खिडकीतून आत पाहिलं की रिळाच्या कडेवर पांढरी भुकटी किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे.

असली कॅसेट यंत्रात घालायची नाही. बीजाणू हेडवर, रोलरवर, आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जातात. काम गॅलरीत करा, एन-९५ मास्क लावा, पंखा बंद ठेवा. आधी हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलसोबत आठवडाभर ठेवून सुकवा. दहा कॅसेटला पाव किलो जेल पुरतं. रंग पालटला की जेल ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवलं की पुन्हा कामाला येतं. वाळलेली बुरशी झटकन सुटते, ओली पसरते, म्हणून सुकवणं आधी. मग कवच उघडा आणि रिळाच्या दोन्ही कडा मऊ कोरड्या ब्रशने झाडा. फितीवरच डाग असतील तर बिनधाग्याच्या फडक्यावर नावापुरतं आयसोप्रोपिल घेऊन, फीत त्यातून हळू ओढत दुसऱ्या चकतीवर घ्यायची. फडकं तपकिरी व्हायला लागलं तर थांबा, तो रंग म्हणजे आवाज निघतोय.

हेअर ड्रायर नको, गच्चीतलं ऊन नको. पापड वाळवत नाही आहोत. डांबरगोळ्या तर मुळीच नकोत, त्यांच्या वाफेने कवचाचं प्लास्टिक मऊ पडतं.

पुराच्या पाण्यात भिजलेल्या वेगळ्या. त्यांत २६ जुलै २००५ च्या पाण्यातल्या अजून निघतात. चिखल वाळून फितीचे थर एकमेकांना धरलेले असतात. ओढून सोडवू नका, डिस्टिल्ड पाण्यात भिजवून चिखल सुटू द्या, मग सावलीत सुकवा.

वाशी_पुलापलीकडे

कवच उघडायचं कसं? आणि एका कॅसेटमधली ती छोटी फेल्टची गादी निघून आत खुळखुळतेय.

खाडीकाठ

पाच स्क्रूंचं असेल तर सोपं. कॅसेट आडवी, स्क्रू वरच्या बाजूला, खाली पांढरा रुमाल. पाचही काढल्यावर वरचं अर्धं कवच सरळ वर उचला, तिरकं नाही. आता थांबा आणि मोबाइलवर फोटो काढा. फीत डाव्या कोपऱ्यातल्या चाकावरून, मधल्या गादीसमोरून, उजव्या चाकावरून जाते. दोन्ही चाकांच्या पिना सैल असतात आणि पहिल्याच शिंकेला पळतात. रिळाखाली-वर पातळ सरक-कागद आहेत, ते चुरगळलेले असतील तर हाताने सपाट करा. वाजताना कॅसेट किंचाळते त्याचं एक कारण तेच.

गादी तांबूस स्प्रिंगवर चिकटवलेली असते. डिंक वाळला की पडते, मग फीत हेडला टेकत नाही आणि आवाज उशीखालून आल्यासारखा येतो. लोकांना वाटतं कॅसेट "उतरली". रद्दीतल्या कॅसेटची स्प्रिंग गादीसकट काढून बसवा, तेच उत्तम. नुसती गादी चिकटवायची तर फेव्हिक्विक नको, ते फेल्टमध्ये चढून दगड होतं.

सांधलेलं कवच असेल तर सांध्यात कटरची पाती सरकवून कडेकडेने तडकवा. ते कवच वाया जाणार हे धरून चला, रीळ स्क्रूवाल्या कवचात हलवा. तुटलेल्या फितीला सेलोटेप नाही, स्प्लायसिंग टेप (फीत जोडायची खास चिकटपट्टी). जोडपट्टी हेडच्या उलट बाजूला. सेलोटेपचा डिंक उन्हाळ्यात पाझरतो आणि पुढचे दोन-तीन वेढे चिकटवतो.

घंटाळी_ग

आता अझिमथ, म्हणजे फितीशी हेडचा कोन. खरा फरक इथे पडतो.

कॅसेटचा वेग सेकंदाला ४.७६ सेंमी. त्या वेगाला दहा हजार हर्ट्झच्या एका लहरीची फितीवरची लांबी जेमतेम ४.७६ मायक्रॉन. भरणाऱ्या यंत्राचं हेड किंचित डावीकडे झुकलेलं आणि तुमचं सरळ, तर इतक्या बारीक लहरी आपसात पुसल्या जातात. "स", "श", "च" सगळे एकाच घोंगडीखाली.

हेडच्या दोन बाजूंना दोन स्क्रू असतात. ज्याच्याखाली स्प्रिंग आहे तो अझिमथचा, दुसऱ्याला हात लावू नका. मूळ जागी मार्करने खूण करा. कॅसेट लावा, हेडफोन घाला, दोन्ही चॅनल मिसळून मोनोत ऐका. स्क्रू एका दिशेला अष्टमांश फेरा: आवाज मंदावला? मग उलट. खुणेच्या पलीकडे येता येता एका जागी बोलण्याला एकदम धार येते, बांगड्यांची किणकिण सुटी होते, आणि पुढे गेलं की पुन्हा झाकोळतं. ती मधली जागा. ए आणि बी बाजूला ती वेगळी येऊ शकते, दोन यंत्रांवर भरलेल्या कॅसेटमध्ये तर येतेच. हे करत असताना संगणकावर रेकॉर्डिंग सुरूच ठेवायचं, मग फीत त्या मिनिटापुरती मागे घेऊन नीट सुरुवात करायची. सगळ्या कॅसेट झाल्यावर स्क्रू खुणेवर आणून नेलपॉलिशचा थेंब.

डॉल्बी (खरखर कमी करणारी सोय) बंद. टू-इन-वनवर भरलेल्या बोलण्याला डॉल्बी लावलं की उगाच तीव्र सूर मरतात.

बेलापूर_वेव्ह

उतरवून घेण्याचं माझ्याकडे.

लॅपटॉपच्या माइकच्या भोकात वायर घालू नका. ते मोनो असतं आणि स्वतःच आवाज वरखाली करतं. लाइन इनपुट असलेला २४ बिटचा यूएसबी इंटरफेस घ्या. डेकचा लाइन आउट त्यात. टू-इन-वनला लाइन आउट नसेल तर हेडफोनचा, व्हॉल्यूम एक-तृतीयांश. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरतं. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, डब्ल्यूएव्ही. स्टिरिओ तासाला साधारण एक जीबी, मोनो अर्धा. शिखरं उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये ठेवा. जोरात हसणं शून्याला जाऊन फाटलं तर ते परत जोडता येत नाही, कमी पातळी मात्र नंतर वाढवता येते.

घुं घुं येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढा. गेली तर ग्राउंडचा फेरा होता, बॅटरीवर काम करा.

पहिली फाइल कच्ची, तिला हात लावायचा नाही. सगळी साफसफाई प्रतीवर. व्हॉट्सअॅपवर पाठवायची तर ऑडिओ म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून.

दुबई_ते_देवगड

आखातातल्या कॅसेट-पत्रांचा एक प्रश्न. सुरुवातीला माणूस ठीक बोलतो, शेवटाकडे आवाज बारीक आणि भरभर होत जातो. यंत्र बिघडलंय का?

बेलापूर_वेव्ह

यंत्र नाही, त्या वेळचे सेल. भरताना सेल उतरत गेले, मोटर हळू झाली, कमी फितीत जास्त बोलणं बसलं. आता योग्य वेगाने वाजवलं की ते घाईचं वाटतं. ऑडॅसिटीत "चेंज स्पीड" एकच आकडा लावतं, म्हणून "स्लायडिंग स्ट्रेच" वापरा: सुरुवात शून्य, शेवट उणे जेवढा लागेल तेवढा, आणि वेग व स्वर दोन्हींना तोच टक्का. घसरण एकसारखी नसते, पाच-पाच मिनिटांचे तुकडे करा.

रेकॉर्डर विजेवर होता तर एक खूण मिळते: फितीवर विजेची गुणगुण उमटलेली असते. ती ५१.५ हर्ट्झला दिसली तर फीत तीन टक्के जोरात वाजतेय, वेग ०.९७१ पट करा. मोजण्यासाठी प्रतीचा सँपल रेट २००० करा, मग "प्लॉट स्पेक्ट्रम" ६५५३६ वर. नाहीतर ४८ हजारला एक घर पाऊण हर्ट्झचं पडतं आणि काही कळत नाही. तुमच्या आजच्या डेकची गुणगुण नेमकी ५० ला वेगळी दिसेल, तिला धरू नका.

घंटाळी_ग

सावकाश. त्या काळी आपल्याकडची वीज कुठे रोज नेमकी ५० असायची? टक्का-दोन टक्क्यांची चूक गृहीत धरा. घरात पेटी असेल आणि रेकॉर्डिंगमध्ये तीच वाजत असेल तर तिचा सूर धरा. पेटीचे सूर वर्षानुवर्षांत थोडेच उतरतात, विजेपेक्षा विश्वासाचे.

घणसोली_धवला

हळदीच्या कॅसेट. धवलारीण (धवले गाणारी) गातेय, मध्येच ढोल पडतो, आणि पुढचे चार-पाच सेकंद तिचा आवाज खोल विहिरीत जातो. मग हळूहळू वर येतो. पुन्हा ढोल, पुन्हा विहीर. काढता येईल?

बेलापूर_वेव्ह

ही टू-इन-वनच्या आतल्या माइकची स्वयंचलित पातळी. मोठा आवाज आला की झटकन दाबते, सोडताना सावकाश सोडते. हातानेच सोडवायचं. "एन्व्हलप टूल" घ्या, ढोलाच्या लगेच पुढे एक बिंदू ५ ते ६ डेसिबल वर, चार सेकंदांनी दुसरा बिंदू मूळ पातळीवर. तासाच्या कॅसेटला एक-दोन संध्याकाळी जातात. कंप्रेसर लावलात तर विहीर अजून खोल होईल.

खरखर कमी करण्याबद्दलही आत्ताच सांगतो. कुणी बोलत नाही असा एक-दोन सेकंदांचा तुकडा नमुना म्हणून द्या आणि घट ६ ते ९ डेसिबलच ठेवा. वीस केली की आवाज पाण्याखालून बोलल्यासारखा होतो आणि "ह" गायबच होतो. ८० हर्ट्झच्या खालचं कापलं तर चालतं.

मॅट_ब्लॅक_डेक

पंखा, कुकर, रस्त्यावरचा भोंगा, मागे लागलेला रेडिओ, हे सगळं काढावं का? आवाज स्वच्छ होईल.

खाडीकाठ

कुकर काढायचा नाही! कुणाच्या घरात काय शिजत होतं तेही त्या फितीवर आहे. विजेची घुं घुं काढा, फितीची खरखर थोडी उतरवा, बाकी राहू द्या. कच्ची फाइल आहेच, म्हणून आमचा वाद फक्त प्रतीपुरता.

घणसोली_धवला

एक भर. फाइलला "आजी १" असं नाव देऊ नका. वर्ष, प्रसंग, गाव, कॅसेट क्रमांक, बाजू, या क्रमाने: "१९८७_हळद_घणसोली_क०४_बी". वर्ष पक्कं नसेल तर "१९८क्ष". लेबलाचा आणि आतल्या कार्डाचा फोटो त्याच फोल्डरमध्ये. आणि ऐकणारी म्हातारी माणसं आहेत तोवर मिनिटाप्रमाणे लिहून घ्या: ०३:१० ला कोण बोलतं, १२:४० ला कोण हसतं. आगरी बोलीतले शब्द जसे ऐकू येतात तसेच लिहा, "सुधारू" नका. धवल्यातला अर्धा अर्थ त्या उच्चारातच असतो.

स्पूल_नेरुळ

उशिरा आलो. स्पूलवर थोडं.

फीत पाव इंच, म्हणजे ६.३ मिमी. १३ सेंमीच्या लाँग प्ले रिळावर २७० मीटर, ९.५ सेंमी वेगाने एका बाजूला ४७ मिनिटं. घरगुती रिळांवर ४.७५ चा वेगही सर्रास असतो, फीत वाचवायला. तुमच्या यंत्रात तो नसेल तर ९.५ वर वाजवा, ९६ किलोहर्ट्झला उतरवा आणि फाइल अर्ध्या वेगाची करा. सुरांचा तोल किंचित बदलतो, बोलण्याला चालून जातं.

रीळ उजेडासमोर कडेने धरा. वेढ्यांतून उजेड आरपार दिसला तर अॅसिटेट, नाही दिसला तर पॉलिएस्टर. अॅसिटेटला व्हिनेगरचा वास येत असेल तर तिची घटका भरत आली, रांगेत पहिला नंबर तिचा. अॅसिटेट ताणली की कट्टकन तुटते, पण तुटते सरळ, ४५ अंशांत जोडता येते. पॉलिएस्टर तुटत नाही, लांबते, आणि लांबलेला आवाज गेला तो गेलाच.

"फीत भाजून घ्या" असं इंटरनेटवर वाचाल. तो उपाय चिकट झालेल्या पॉलिएस्टर फितींचा आहे, मुख्यतः सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या अँपेक्स ४०६, ४५६ सारख्या स्टुडिओ फितींचा. त्यांच्यातला बांधणारा पदार्थ दमट हवा शोषून चिकट होतो. ५४ अंशांवर आठेक तास, तेही तापमान घट्ट धरणाऱ्या डिहायड्रेटरमध्ये. घरगुती रिळांना बहुधा त्याची गरजच नसते. अॅसिटेट भाजली तर संपली. मायक्रोवेव्ह हा शब्दही काढू नका.

व्हॉल्व्हचं यंत्र असेल, हिरव्या डोळ्याचं, तर आत अडीचशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये काही काळ राहतात. सिरीज बल्ब इथे थोडा पेटतोच, हीटर चालू असतात म्हणून. कागदी कंडेन्सर गळके निघतात, सगळे बदला. हे काम माहितगारालाच द्या. बिल बघून कुरकुर करू नका, त्या माणसाने अख्खा चॅसिस उलटा केलेला असतो.

बोलण्याच्या आधी त्याच बोलण्याची भुतासारखी कुजबुज ऐकू येते? शेजारच्या वेढ्याचा छाप पडलाय. वाजवण्याआधी रीळ दोन-तीनदा पुढे-मागे गुंडाळा, कमी होतो. नंतर ठेवताना मागे गुंडाळायचंच नाही, शेवट बाहेर ठेवायचा.

वाशी_पुलापलीकडे

टू-इन-वन चालू झाला. बेल्टच होता, १९८ मिमीचा बसला.

आता स्पूल. शेजारच्या चार ट्रॅकच्या स्टिरिओ डेकवर लावली. डाव्या कानात आजोबा स्वच्छ बोलतात, उजव्या कानात त्याच वेळी कुणीतरी अगम्य भाषेत बोलतंय. फीत खराब आहे?

स्पूल_नेरुळ

फीत उत्तम आहे. ती दोन ट्रॅकची मोनो, वरच्या अर्ध्यात पहिली बाजू, खालच्या अर्ध्यात दुसरी, उलट दिशेने. तुमचं हेड दोन्ही एकदम वाचतंय. डावा चॅनल वेगळी फाइल करून ठेवा. उजवा निवडून ऑडॅसिटीत "रिव्हर्स" करा, ती दुसरी बाजू. रीळ उलटून पुन्हा वाजवायची गरज नाही.